ओट्सच्या पाकिटात गव्हाचे पाच दाणे

मेहकर तालुक्यातल्या एका खेड्यातून ती आली होती. सोबत नऊ वर्षांचा मुलगा आणि हातात कापडी पिशवी. मी खामगावात आहार सल्लागार म्हणून काम करते. असे पालक माझ्याकडे येतात ते बहुधा मोठ्या शहरातल्या डॉक्टरांची जाडजूड फाईल घेऊनच. या मुलाला सिलिॲक आजार असल्याचं निदान होऊन चार महिने झाले होते. घरात त्याच्यापुरता गहू बंद केलेला होता. तरीही पोट फुगलेलं, शौचाला पातळ आणि वजन जिथल्या तिथे. सकाळी काय देता, असं विचारल्यावर तिने पिशवीतून एक चकचकीत पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"मॅडम, पोराले हेच देतो मी रोज. दुकानदार म्हने, गहू नाही याच्यात. मंग चालत असंन ना?"

मसाला ओट्सचं पाकीट होतं ते. मी उलटं करून मागची बारीक अक्षरं वाचली. ओट्स, मीठ, साखर, मसाले आणि खाली एका ओळीत लिहिलेलं की यात ओट्स असून गहू आणि सोयाबीनचा अंश असू शकतो. ती ओळ इंग्रजीत होती आणि मुंगीएवढ्या अक्षरांत होती. तिने ती वाचली नाही यात तिचा काही दोष नव्हता. चार महिने ती पदरचे पैसे मोजून, मुलाच्या काळजीपोटी, त्याला नको तीच गोष्ट रोज खाऊ घालत होती.

तेव्हापासून ओट्सचा प्रश्न कुणी विचारला की मी आधी सरळ उत्तर देते आणि कारणं मागाहून सांगते. इथेही तसंच करते. सिलिॲक आजार असलेल्या माणसाने साधे ओट्स खाऊ नयेत. किराणा दुकानात सुटे मिळणारे, मॉलमधले, मसाल्याचे, कुठलेच नाहीत. ज्या पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' असं स्पष्ट छापलेलं आहे तेवढेच ओट्स बहुतेक रुग्णांना चालतात. पण तेही निदान झाल्या झाल्या नाही, मोजून आणि रक्ततपासणीवर लक्ष ठेवून.

आता हे कुणासाठी, ते आधी नीट पाहू. 'ग्लुटेन टाळतो' असं म्हणणारी माणसं एका जातीची नसतात. कुणी वजन कमी करायला गहू सोडलेला असतो, कुणी साखरेच्या आजारामुळे, कुणाला पोळीने पोट जड होतं म्हणून. अशा माणसांनी साधे ओट्स खाल्ले तर काही बिघडत नाही. गव्हाची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. गहू पोटात गेल्यावर अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, दम लागणं असे प्रकार त्यात होतात. त्यांना ओट्स सहसा सोसतात, पण ओट्समध्ये मिसळलेला गहू सोसत नाही, म्हणून जपावं लागतं. तिसरा प्रकार सिलिॲकचा. यात ग्लुटेन आतड्यात पोचलं की शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच आतड्याच्या अस्तरावर उलटते. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट होतात. मग लोहाच्या कितीही गोळ्या घ्या, रक्त वाढत नाही. मुलाची उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात, काहींना वारंवार जुलाब, काहींना उलट बद्धकोष्ठ. काहींच्या पोटाची तर अजिबातच तक्रार नसते. फक्त रक्त कमी आणि थकवा.

उत्तर भारतातल्या गहू खाणाऱ्या पट्ट्यात शंभरात साधारण एका माणसाला हा आजार सापडतो. तीन प्रदेशांतल्या प्रौढांची तपासणी करून २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय अभ्यासात उत्तरेकडे हे प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येकडे ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के निघालं. दक्षिणेत ताटात भात असतो, हे त्यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. आपला वऱ्हाड ज्वारीचा. पण गेल्या दोन पिढ्यांत खरिपाची ज्वारी जाऊन तिथे सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले आणि घरोघर सकाळ-संध्याकाळ पोळी सुरू झाली. म्हणून रक्त न वाढणारं, अंगाने न भरणारं मूल दिसलं की आता इकडच्या डॉक्टरांनीही ही शक्यता मनात ठेवायला हवी, असं मला वाटतं.

एक विनंती इथेच करते. शंका आली म्हणून आधी गहू बंद करून बघू, असं करू नका. 'टीटीजी-आयजीए' ही रक्ततपासणी आणि त्यानंतर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून होणारी तपासणी, दोन्ही गहू खाणं चालू असतानाच खरं सांगतात. गहू सोडून महिना-दोन महिने झाले की आतडं सुधारू लागतं आणि तपासणी खोटाच दिलासा देते. मग डॉक्टरांना पुन्हा काही आठवडे गहू खायला सांगावं लागतं. त्याचा त्रास त्या मुलालाच होतो. आणि घरात एकाला सिलिॲक निघाला तर आई-वडील, भाऊ-बहिणी यांचीही रक्ततपासणी करून घ्या. हा आजार रक्ताच्या नात्यात जास्त सापडतो.

आता ओट्सकडे येऊ. ग्लुटेन म्हणजे काय, हे पुस्तकातून समजून घ्यायची गरज नाही. कणीक मळून अर्धा तास ठेवा आणि एक गोळा ताणून बघा. रबरासारखी ताणली जाते, पापुद्रा पडतो, तुटत नाही. तो ताण म्हणजे ग्लुटेन. आता ज्वारीचं पीठ घ्या. गार पाण्यात भिजवलंत तर थापताना कडा फाटतात. म्हणून आपण गरम पाणी घालतो, उकड काढतो, तळहाताने रगडून रगडून मळतो. पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली की तेही पुरत नाही. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून भाकरीला इतका हात लागतो. आपल्या आज्यांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण त्यांच्या हाताला तो फरक पक्का ठाऊक होता.

गव्हात, सातूत म्हणजे बार्लीत आणि राय नावाच्या थंड प्रदेशातल्या धान्यात हे आतडं बिघडवणारं प्रथिन असतं. ओटमध्ये त्याचा एक दूरचा भाऊ आहे, त्याचं नाव ॲव्हेनिन. तो प्रमाणानेही कमी असतो आणि त्याची घडणही जरा वेगळी असते, त्यामुळे बहुतेक सिलिॲक रुग्णांचं शरीर त्याच्यावर उसळत नाही. थोड्या रुग्णांचं मात्र उसळतं. कुणाचं उसळेल ते आधी सांगता येत नाही.

गहू आणि हा आजार यांची गाठ बांधली ती विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. पाव मिळेनासा झाला, आणि त्यांच्याकडची सिलिॲकची मुलं मात्र सुधारू लागली. त्यांचा संशय त्याआधीपासूनचा होता, तो आता पक्का झाला. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध मांडला. तेव्हापासून गव्हाबरोबर ओटलाही कितीतरी वर्षं दोषी धरलं गेलं. १९९५ साली फिनलंडच्या डॉक्टरांनी ब्याण्णव प्रौढ रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ओट खाणाऱ्या रुग्णांच्या आतड्यांचं काही बिघडलं नव्हतं. पुढे लहान मुलांवरही अभ्यास झाले आणि युरोप-अमेरिकेने शुद्ध ओट्सना दार उघडलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडने मात्र अजूनही उघडलेलं नाही. तिथल्या कायद्याप्रमाणे ओट असलेल्या कुठल्याही पदार्थावर 'ग्लुटेन-फ्री' असं लिहिताच येत नाही. आपल्याकडे बाहेरून येणाऱ्या ओटपैकी बराचसा ऑस्ट्रेलियातूनच येतो, हे लक्षात ठेवा. आपल्या शेतकऱ्याला ओट माहीत आहे तो दुभत्या जनावरांचा हिरवा चारा म्हणून. केंट किंवा फुले हरिता हे वाण गोठेवाल्यांच्या परिचयाचे आहेत. खाण्याचा दाणा मात्र बहुतांशी दुरूनच येतो.

हा दुरूनचा प्रवासच ओट्सच्या मुळावर येतो. जिथे ओट पिकतो तिथे शेजारच्या वावरात गहू किंवा बार्ली असते. गेल्या हंगामात त्याच जमिनीत गहू असतो, त्याच्या सांडलेल्या दाण्यांची उगवण ओटमध्ये येते. कापणीचं यंत्र तेच, ट्रॉली तीच, कोठार तेच, आणि शेवटी दाणा चपटा करणारी गिरणीही तीच. २००४ साली अमेरिकेत तीन ब्रँडची बारा पाकिटं तपासली गेली. त्यातल्या नऊ पाकिटांत ग्लुटेन मर्यादेच्या वर निघालं. एकात तर किलोमागे १८०० मिलिग्रॅमच्या वर. एकाच ब्रँडचं एक पाकीट साफ आणि दुसरं दूषित, असंही आढळलं. म्हणून 'मी हेच पाकीट सहा महिने खाल्लं, मला काही झालं नाही' या अनुभवावर विसंबू नका.

मर्यादा किती आहे ते सांगते, म्हणजे अंदाज येईल. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे 'ग्लुटेन-फ्री' म्हणायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. जगभरातही साधारण हाच आकडा धरतात. गव्हाचा एक दाणा सरासरी ४० मिलिग्रॅमचा. त्यात ग्लुटेन साधारण ४ मिलिग्रॅम. म्हणजे एक किलो ओट्समध्ये गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा संपली. एका किलोत ओटचे तीस हजारांवर दाणे असतात. तीस हजारांत पाच.

एका दुपारी मी स्वतः हे करून पाहिलं. अखंड ओट मागवला होता, तो परातीत पसरला आणि चष्मा लावून निवडायला बसले. ओटचा दाणा लांबट, निमुळता, अंगावर बारीक लव. गहू आखूड, पोटाळलेला, मधोमध खोल चीर. पाव किलोत मला गव्हाचे तीन दाणे सापडले आणि एक बहुधा बार्लीचा. किलोचा हिशोब करा. आणि हा तर अखंड दाणा होता. पाकिटात मिळतात ते ओट्स वाफवून, लाटून चपटे केलेले असतात. तिथे गव्हाचा पापुद्रा आणि ओटचा पापुद्रा डोळ्यांना वेगळा दिसतच नाही. आपण आयुष्यभर धान्य निवडत आलो, पण हे धान्य घरी निवडता येत नाही. माझ्या मते आपल्यासाठी ओट्सची खरी अडचण हीच आहे.

खरोखर शुद्ध ओट्स दोन वाटांनी तयार होतात. एकात बियाण्यापासून गिरणीपर्यंत सगळं वेगळं ठेवतात. शेत वेगळं, यंत्र वेगळं, कोठार वेगळं. दुसऱ्यात साधा ओट घेऊन आकार, वजन आणि रंग ओळखणाऱ्या यंत्रांनी परके दाणे वेचून काढतात. पहिली वाट जास्त भरवशाची. पाकिटावर कधी कधी ते लिहिलेलं असतं, शोधून वाचा. आणखी एक गोष्ट. एफएसएसएआयच्या लेबल नियमांत ॲलर्जीच्या यादीत 'ग्लुटेन असलेली धान्यं' म्हणून गहू, राय, बार्ली यांच्याबरोबर ओटचंही नाव आहे. 'नैसर्गिक', 'मल्टिग्रेन', 'हाय फायबर', 'शंभर टक्के ओट्स' यांपैकी कुठल्याच शब्दाचा अर्थ ग्लुटेन-फ्री असा होत नाही. ओट्सची बिस्किटं, ओट्सचा ब्रेड, ओट्सचे नूडल्स यांत तर बहुतेक वेळा मैदाच पुढे असतो आणि ओट नावापुरता. 'लो ग्लुटेन' लिहिलेलं पाकीटही सिलिॲकच्या रुग्णाने आपल्या मनाने घेऊ नये, त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चालतं.

इतक्या थोड्याने काय होतं, असं घरातली मोठी माणसं हमखास विचारतात. एका मध्यम पोळीत साधारण तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात गेलं तरी तीन महिन्यांत काही रुग्णांच्या आतड्यावर परिणाम दिसतो, असं इटलीतल्या एका अभ्यासात दिसलं. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा साठावा भाग. परातीला चिकटलेली कोरडी कणीकही तेवढी भरेल.

ज्यांना ओट्स खायचेच आहेत त्यांनी असं करावं. गहू पूर्ण बंद होऊन त्रास थांबलेला असावा आणि टीटीजीचा आकडा उतरलेला असावा. याला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. मग डॉक्टरांना सांगून ग्लुटेन-फ्री छापलेले ओट्स थोड्यापासून सुरू करावेत. मोठ्या माणसाला दिवसाला कोरडे ५० ते ७० ग्रॅम, लहान मुलाला २० ते २५ ग्रॅम, याच्यावर जाऊ नये. पहिल्या आठवड्यात पोटात वायू धरणं, गुरगुरणं होऊ शकतं. ओट्समधल्या तंतूची सवय नसल्याने ते होतं, त्यासाठी लगेच घाबरू नका. पण जुलाब सुरू झाले, वजन उतरलं, तोंड येऊ लागलं, तर थांबा. आणि त्रास काहीच वाटला नाही तरी काही महिन्यांनी पुन्हा टीटीजी करा, कारण आतडं कधी कधी मुकाट्याने बिघडतं.

एवढं सगळं सांगितल्यावर त्या आईने मला जे विचारलं ते मला फार योग्य वाटलं. "मंग इतका खटाटोप कायले करायचा? आपली ज्वारी काय वाईट हाय?"

वाईट तर नाहीच. ओट्सचं नाव होतं ते त्यातल्या विरघळणाऱ्या तंतूमुळे, कोलेस्टेरॉल थोडं उतरतं म्हणून, आणि पाच मिनिटांत होतात म्हणून. तंतू ज्वारीत आहे, मेथ्यांत आहे, मटकीत आणि हरभऱ्यात आहे. आणि पाच मिनिटांचं म्हणाल, तर ज्वारीच्या लाह्यांचं पीठ डब्यात भरून ठेवलंत की दुधात-गुळात किंवा ताकात-मिठात कालवायला दोन मिनिटंही लागत नाहीत. नागपंचमीपुरत्या राहिलेल्या लाह्या या मुलांच्या डब्यात रोज यायला हव्यात. उकडपेंडी आपण कणकेची करतो. तीच ज्वारीच्या जाडसर पिठाची होते, फक्त पाणी थोडं जास्त आणि झाकण ठेवून वाफ जरा लांबवायची. ज्वारीच्या कण्या, आंबील, भगर, राजगिरा, मुगाची धिरडी, तांदळाचे पोहे हे सगळं आहे. मलकापूर-नांदुऱ्याकडे खानदेशी वळणाची कळण्याची भाकर करतात, ज्वारीत उडीद घालून. तिच्यात प्रथिनंही चांगली आणि चवही. शिवाय ज्वारी परातीत घेतली की गव्हाचा दाणा लगेच नजरेला पडतो. पांढऱ्या गोल दाण्यांत तो लपत नाही. ओट्सचं जे घरी जमत नाही, ते ज्वारीचं जमतं.

पण इथेच सावध व्हायला हवं. ज्वारीत ग्लुटेन नाही, म्हणून ज्वारीच्या पिठातही नाही, असं धरून चालू नका. ते पीठ कुठून आलं ते बघा.

गावातली चक्की डोळ्यांसमोर आणा. सकाळी दहा डबे रांगेत लागलेले, त्यातले सात गव्हाचे. गहू संपला की त्याच दगडांत ज्वारी पडते. आधीच्या दळणाचं पीठ दगडांच्या टाक्यांत, खालच्या कापडी नळीत, चाळणीत अडकलेलं असतं, ते पुढच्या डब्यात उतरतं. चक्कीवाला तुमचा डबा भरताना नळीला दोन थापा मारतो, तेव्हा उडणारा पांढरा धुरळा बहुतेक गव्हाचाच असतो. किलो-दोन किलोच्या ज्वारीत एक मूठ कणीक आली तर हजारो मिलिग्रॅम ग्लुटेन आलं. आपण मात्र महागाचे ओट्स टाळले म्हणून निर्धास्त.

म्हणून दळणाची सोय हीच सिलिॲकच्या घरातली पहिली व्यवस्था. परवडत असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच टाकू नका, पाहुणे आले तरी नाही. वापरलेली घेणार असाल तर घेऊच नका, ती धुवून स्वच्छ होत नाही. घरघंटी जमत नसेल तर मुलापुरतं पीठ मिक्सरमध्ये काढून बारीक चाळणीने चाळता येतं. दोन भाकरींना तेवढं पुरतं. आपल्याकडे कितीतरी घरांत कोपऱ्यात जातं पडून आहे, लग्नात हळद दळण्यापुरतंच ते पुसून काढतात. त्या जात्यावर गहू दळला गेलेला नसेल तर ते वापरा. हे काहीच नसेल आणि चक्कीशिवाय गत्यंतर नसेल, तर चक्कीवाल्याला आजार समजावून सांगा, सकाळचं पहिलं दळण तुमचं ठेवा आणि आधी दोन-तीन किलो तांदूळ दळून ते पीठ बाजूला काढा. याने धोका कमी होतो, संपत नाही, म्हणून हा शेवटचा उपाय समजा.

दाण्याकडेही लक्ष हवं. रब्बीची ज्वारी आणि गहू मागेपुढेच निघतात आणि तेच मळणीयंत्र वावरोवावर फिरतं. गव्हाचं पोतं झटकून त्यातच ज्वारी भरली जाते. म्हणून ज्वारी घरी आली की परातीत निवडा, दोन पाण्यांतून धुवा, कडक उन्हात वाळवा आणि मगच दळा. शेतातली असेल तर मळणीच्या वेळी गव्हाआधी आपली ज्वारी काढून घ्या. शेजारपाजार ऐकतो, सांगून तर बघा.

स्वयंपाकघरात शब्दांचे घोटाळे फार होतात. जव आणि जवस यांत माणसं गफलत करतात. जव म्हणजे सातू, बार्ली, तो नको. जवस म्हणजे अळशी, आपल्याकडची जवसाची चटणी खुशाल खा. इंग्रजी लेबलवर राय दिसला तर तो धान्याचा राय, फोडणीतली राई नाही. मोहरी बंद करून बसलेली एक बाई मला भेटली आहे. सातूचं पीठ म्हणून जे विकतात त्यात भाजलेला गहू असतो, मेतकुटात असतो, थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतो. खपली गहू पचायला हलका वाटत असेल, पण तोही गहूच आहे, त्यात ग्लुटेन भरपूर. कुरडया गव्हाच्या चिकाच्या, त्या नकोत. ज्वारीचे बिबडे आणि तांदळाचे पापड चालतात. आणि हिंग. डबीतला बांधानी हिंग म्हणजे मूळ हिंगात पीठ मिसळलेलं, पुष्कळदा गव्हाचंच. चिमूटभर तर असतो, पण रोजच्या वरणात, भाजीत, पोह्यांत पडतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मागा, नाहीतर सरळ लसणाची फोडणी द्या.

आपल्या जिल्ह्यात गव्हाविषयी एक वेगळी भीतीही आहे, तिचा उल्लेख केल्याशिवाय हे पुरं होणार नाही. २०२४ च्या डिसेंबरअखेर शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस मूठमूठभर गळू लागले आणि चार-आठ दिवसांत टक्कल पडलं. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून रेशनच्या गव्हात सेलेनियम फार जास्त असल्याचं मांडलं. त्यानंतर गहू सोडावा का, असं मला अनेकांनी विचारलं. सेलेनियम हा जमिनीतून धान्यात येणारा खनिज घटक, ग्लुटेन हे गव्हाचं स्वतःचं प्रथिन. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. केस गेले म्हणून कुणी ग्लुटेन-फ्री पिठावर पैसे घालवू नयेत, आणि ज्यांना सिलिॲक आहे त्यांनी कुठलाही गहू, बाहेरचा असो की घरचा, चांगला म्हणून खाऊ नये.

बाहेर पडल्यावर परीक्षा असते. शेगावला उतरलेलं मूल कचोरीकडे बघतच राहतं, आणि कचोरी मैद्याची. त्याला नाही म्हणताना आईचा जीव तुटतो, हे मी पाहिलं आहे. पण त्याच शेगावच्या महाराजांच्या प्रकट दिनाला आपण घरोघर पिठलं, भाकर आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य करतो. भाकरीचं पीठ आणि हिंग एवढं जपलं की हे मूल सगळ्यांबरोबर एका पंगतीत बसू शकतं. त्याच्यासाठी वेगळं ताट वाढण्यापेक्षा त्या दिवशी सगळ्यांनी त्याचंच जेवण जेवावं. लग्नात मात्र पुऱ्या तळलेल्या तेलात भजी निघतात, हॉटेलात भाकरी नीट थापली जावी म्हणून कणीक मिसळतात. तिथे लाह्या, गूळ-शेंगदाणे आणि केळी बरोबर ठेवा. शाळेच्या गुरुजींना एक चिठ्ठी लिहून द्या आणि अंगणवाडीतून पाकीट मिळत असेल तर त्यात गहू आहे का ते वाचून घ्या.

ती मेहकरची आई परवा पुन्हा आली होती. मसाला ओट्स त्याच दिवशी बंद केले होते. घरातलं जातं तिच्या सासूबाईंनी बाहेर काढलं, टाकी लावून घेतली, आणि नातवापुरती ज्वारी त्या स्वतः दळतात. मुलाचं वजन सात महिन्यांत साडेतीन किलोंनी वाढलं आहे. टीटीजी उतरलाय, पण अजून मर्यादेत नाही. पुढची तपासणी जानेवारीत आहे. तो आकडा खाली आला आणि पोराला हवेच असतील, तर ग्लुटेन-फ्री ओट्स २० ग्रॅमपासून सुरू करून बघू, असं आमचं ठरलं आहे. मी त्याला विचारलं, खायचेत का तुला? तो आईकडे बघत म्हणाला, लाह्याच बऱ्या.